गुळामुळे सरांना माझं नाव कळलं

2012 साली मी पुण्यात पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत बीएस-एमएस या पाच वर्षांच्या पदवीसाठी आले. पहिली दोन वर्षं जीवशास्त्र, रसायन, भौतिक, गणित सगळ्यांनाच असायचं. मी मागच्या रांगेत बसायचे. मराठी माध्यमातली, इंग्रजीत प्रश्न विचारायचा धीर होत नसे. संस्था लहान, प्राध्यापक जिन्यातही भेटायचे, तरी वर्ष संपेपर्यंत एकालाही माझं नाव माहीत नव्हतं. कळणार कसं? मी तोंडच उघडलं नव्हतं.

उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टसाठी सहा जणांना एकच मेल पाठवली, फक्त नावं बदलून. ती चूकच होती. हॉस्टेलमधली एक सीनियर ताई म्हणाली, "एकाच सरांचा एक पेपर वाच. अडेल तिथं खूण कर आणि जाऊन विचार." फळमाश्यांवर काम करणाऱ्या सरांकडे गेले. माझ्या दोन प्रश्नांना त्यांनी पाऊण तास दिला. निघताना म्हणाले, "सोमवारपासून ये."

काम म्हणजे मायक्रोस्कोपखाली ब्रशनं नर-माद्या वेगळ्या करायच्या (नराच्या पोटाचं टोक काळं असतं) आणि माश्यांचं खाद्य शिजवायचं: केळी, गूळ, यीस्ट आणि ते घट्ट व्हायला अगर. एके दिवशी नवीन गूळ आला, पिवळाधमक. आमच्या चुलत्यांचं कोल्हापूरकडं गुऱ्हाळ आहे. रानभेंडीच्या पाण्यानं मळी काढलेल्या गुळाला असा रंग येत नाही, हायड्रोस हे रंग उजळवणारं रसायन टाकलं की येतो. दर दहा-बारा दिवसांनी माश्यांची नवी पिढी येणार, आणि मध्येच खाद्य बदललं तर तुलना कशाची करायची? अडखळत, अर्धं मराठीत, सरांना विचारलं.

सर उठून ढेप बघायला आले. मग तासभर तेच मला विचारत होते: रस किती उकळतात, काकवी कधी काढतात, कोणी शिकवलं. शेवटी म्हणाले, "दोन्ही गुळांवर माश्या वाढवून बघ." माझा स्वतःचा पहिला प्रयोग तो. बाहेर पडलेल्या माश्यांच्या संख्येत फरक काही सापडला नाही, पण दर आठवड्याला सर माझी वही उघडून बसायचे.

पाचव्या वर्षाचा थीसिसही तिथंच केला. पीएचडीसाठी रेको, म्हणजे शिफारसपत्र, मागायला गेले तेव्हा सरांनी माझा सीव्ही मागितलाच नाही. पत्रात काय लिहिलं ते मला कळायचं नव्हतं. पण स्काइपवरच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी कागदावर बघत, एकेक अक्षर जपून उच्चारत पहिला प्रश्न विचारला: गुऱ्हाळ म्हणजे काय?