गाडीचा रंग कोणता घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

ओळखीतलं कुणी नवीन गाडी बुक करायला निघालं की मला फोन येतो, मॉडेल ठरलंय, पेट्रोल की इलेक्ट्रिक तेही ठरलंय, आता फक्त रंग सांग. कारण सगळ्यांना माहितीये की मी चौदा वर्षं गाड्यांच्या पेंटचं काम करतोय आणि त्यातही रंग जुळवायचं, म्हणजे ठोकलेल्या गाडीचं एखादं पॅनल रंगवायचं असतं आणि ते बाकीच्या गाडीत असं मिसळून गेलं पाहिजे की काम कुठे झालंय ते मालकालाही सापडू नये. फोनवर मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून टाकतो आणि मग दिवसभर वाटत राहतं की नीट सांगायला हवं होतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, आणि घरात वापरायच्या हॅचबॅकपुरतंच लिहितोय.

शोरूमवाला गाडी कोरी असताना बघतो, मी बघतो ती घासल्यावर. घरची हॅचबॅक अरुंद जागेत लागते, शेजारच्या गाडीचं दार तिला टेकतं, मुलाची सायकल घासून जाते, डिकीतून बॅग काढताना ती मागच्या बंपरच्या कडेवरून ओढली जाते. माझ्याकडे येणाऱ्या हॅचबॅकपैकी बहुतेक मोठ्या अपघाताच्या नसतातच, बंपरचे कोपरे, दाराच्या कडा, मागच्या चाकावरची कमान, एवढंच. त्यामुळे मी आधी एकच विचारतो, पहिला ओरखडा पडल्यावर ही गाडी तुम्हाला कशी दिसेल? तो पडणारच आहे आणि त्यात कुणाला रागवायचं काही कारण नाही.

हे कळायला पेंट म्हणजे काय ते थोडं सांगतो. गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवले तर जवळपास तेवढे. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर असतो, तो अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवतात, मग प्रायमर म्हणजे रंग नीट धरावा म्हणून मारायचा थर, मग खरा रंग म्हणजे बेस कोट, आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. चमक त्याची, ऊन सोसायचं काम त्याचं, पक्ष्यांची घाण सोसायचं कामही त्याचंच. बोट फिरवल्यावर नख अडकत नाही असा ओरखडा बहुतेक वेळा क्लिअर कोटमध्येच असतो आणि पॉलिशने जातो. असा ओरखडा पांढरट दिसतो ना, तो त्याचा स्वतःचा रंग नसतो, त्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून तसं दिसतं. त्यामुळे काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर तो खडूने ओढल्यासारखा उठतो आणि पांढऱ्यावर, सिल्व्हरवर चार पावलांवरून दिसतही नाही. पण ओरखडा खोल गेला की उलटं होतं, प्रायमर बऱ्याचदा करडा असतो, तो पांढऱ्या गाडीवर काळपट रेघेसारखा डोळ्यात भरतो, आणि तिथे मधल्या शेडचा ग्रे सगळ्यात जास्त झाकून घेतो. शेड झाकणारी हवी असेल तर ग्रे किंवा सिल्व्हर, धुळीलाही तेच बरे, यात मला शंका नाही. काळ्याला धूळ दिसते, पुसली की पुसल्याचे गोल गोल बारीक चरे दिसतात, तुम्ही दर आठवड्याला भरपूर पाणी, शाम्पू आणि मऊ कापड घेऊन बसणारे असाल तरच काळा घ्या, आणि असाल तर जरूर घ्या, नीट ठेवलेल्या काळ्या गाडीसारखं काही नाही. कोरड्या कापडाने मात्र कुठल्याच रंगाची धूळ झटकू नका.

आता दुरुस्ती. रंगपत्रिकेत ढोबळमानाने तीन जाती असतात, सॉलिड, मेटॅलिक आणि पर्ल. सॉलिड म्हणजे साधा रंग, कुठूनही बघा तसाच दिसतो. मेटॅलिकमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात आणि त्या थरात कशा पडल्यात त्यावर शेड ठरते, रंग मारायची स्प्रे गन थोडी जवळ धरली, रंग जरा ओला बसला, हवेचा दाब बदलला की त्याच डब्यातला तोच रंग समोरून बरोबर आणि बाजूने वेगळा दिसतो. म्हणून एकच दार रंगवायचं असलं तरी शेजारच्या दारावर आणि फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, रंग विरळ करत न्यावा लागतो, म्हणजे डोळ्याला जोड सापडत नाही. फिका सिल्व्हर दिसायला सगळ्यात साधा, पण जुळवताना माझा सगळ्यात जास्त वेळ तोच खातो. पर्लमध्ये अभ्रकाचे कण असतात, आणि पर्ल पांढरा तर बहुधा तीन थरांचा असतो, खाली पांढरा, मध्ये पर्लचा पातळ थर, वर क्लिअर. मधल्या थराचा एक हात कमीजास्त झाला तरी पांढरा बदलतो, म्हणून मी आधी कार्डांवर दोन हात, तीन हात, चार हात असे नमुने मारून गाडीला लावून बघतो आणि मगच गाडीवर जातो. दिसायला तो अतिशय सुंदर आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण नवशिक्याच्या हातात गाडी जाणार असेल, घरात कुणी नुकतंच चालवायला लागलं असेल, तर सॉलिड रंग घ्या, कोपरा चारदा घासला तरी चारदा नीट होईल.

लाल, पिवळा, केशरी या रंगांबद्दल एक भीती असते की उन्हाने उडतात. ही भीती खोटी नाही, जुनी आहे. पूर्वी वर क्लिअर कोट नसायचा, रंग थेट उन्हात असायचा आणि लाल गाड्या काही वर्षांत गुलाबी पडायच्या, हात फिरवला तर हाताला भुकटी लागायची. आताच्या क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारे घटक असतात, त्यामुळे एवढं होत नाही. तरी गाडी बारा महिने उघड्यावर उभी राहणार असेल तर लालपेक्षा पांढरा जास्त टिकाऊ, कारण पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड उन्हाला फार दाद देत नाही.

उन्हावरून आठवलं, काळी गाडी तापते हे खरं आहे का असंही बरेच जण विचारतात. खरं आहे, आणि मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०११ साली एक काळी आणि एक सिल्व्हर अशा दोन सारख्या गाड्या उन्हात उभ्या करून बघितल्या, काळीचं छत सिल्व्हरपेक्षा २५ अंशांपर्यंत जास्त तापलं, पण आतल्या हवेतला फरक ५ ते ६ अंश होता. कारण काचेतून येणारं ऊन रंग विचारत नाही. ५-६ अंश कमी नाहीत, मागे लहान मूल बसणार असेल तर मी ते मोजेन. आणि गडद पत्रा तापतो म्हणून त्यावर पक्ष्यांची घाण लवकर चावते, दिसली की ओल्या फडक्याने भिजवून काढायची, उद्यावर टाकायची नाही.

दिसण्याचंही तसंच. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने २००७ मध्ये अपघातांच्या नोंदी तपासल्या होत्या, दिवसाउजेडी काळ्या गाड्यांना पांढऱ्यांपेक्षा अपघाताचा धोका सुमारे १२ टक्के जास्त निघाला, ग्रे आणि सिल्व्हरही पांढऱ्याच्या मागेच होते. रस्त्याच्या रंगात जे मिसळतं ते समोरच्याला उशिरा दिसतं. मगाशी मी ग्रेचं कौतुक केलं, त्याचीच ही दुसरी बाजू. ग्रे घेतलात तर पावसात, संध्याकाळी हेडलाइट जरा लवकर लावायची सवय ठेवा.

मग सरळ पांढरा घ्यावा का? जगात गेली दहाहून जास्त वर्षं सगळ्यात जास्त गाड्या पांढऱ्याच निघतायत, त्याआधी सिल्व्हरचा जमाना होता. पांढऱ्याच्या बाजूने सगळं गणित आहे, पण "सगळे घेतात" हे कारण मला पटत नाही, कारण सगळे काय घेतात हे कारखान्याच्या सोयीवरही असतं. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली तेव्हा काही वर्षं ती वेगवेगळ्या रंगांत मिळायची, १९१४ ते १९२५ फक्त काळी मिळाली, कारण एकच स्वस्त आणि टिकाऊ रंग ठेवला की काम भराभर व्हायचं. १९२४ च्या सुमाराला पटकन वाळणारा ड्यूको रंग गाड्यांवर आला, इतर कंपन्या निळ्या-हिरव्या गाड्या काढायला लागल्या, आणि १९२६ ला फोर्डलाही रंग परत आणावे लागले. उलट उदाहरणही आहे, फियाटने २०२३ मध्ये ग्रे गाड्या बनवणंच बंद केल्याचं जाहीर केलं आणि त्यासाठी एक गाडी आत बसलेल्या प्रमुखासकट केशरी रंगाच्या टाकीत उतरवली. तेव्हा "हाच रंग लगेच मिळेल, बाकीला थांबावं लागेल" असं कुणी म्हणालं तर ते त्यांच्या गोडाऊनबद्दल बोलतायत हे लक्षात ठेवा. रिसेलसाठी रंग निवडू नका, आठ-दहा वर्षं बघायची तुम्हाला आहे.

बघायची कशी हे मात्र नीट ऐका. शोरूममध्ये रंग ठरवू नका, छोट्या चौकोनी नमुन्यावर तर अजिबात नाही, मोबाइलवरही नाही. दिव्याचा प्रकाश बदलला की रंग बदलतो, विशेषतः ग्रे. माझ्या मेहुण्याने झगझगीत पांढऱ्या दिव्यांखाली एक ग्रे पसंत केला होता, डिलिव्हरीला गाडी बाहेर आली आणि ढगाळ उजेडात ती चक्क निळी दिसत होती, त्याला निळी नकोच होती. सहा महिने त्याचं मन त्या गाडीत रमलं नाही आणि मला अजून वाईट वाटतं की मी बरोबर गेलो नाही. तर त्याच रंगाची खरी गाडी शोधा, रस्त्यावर कुणाची उभी असेल तर लांबून बघा, एकदा भर उन्हात, एकदा सावलीत, एकदा संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी. बंपर आणि फेंडरची जोड बघा, प्लॅस्टिक आणि पत्रा बऱ्याचदा वेगवेगळे रंगवतात, मेटॅलिकमध्ये तिथे हलका फरक दिसू शकतो, तो चालणार आहे का ते आधीच ठरवा. हॅचबॅक छोटी असते, गडद रंगात आणखी छोटी दिसते आणि पत्र्याच्या रेषा त्यात बुडून जातात, सिल्व्हरमध्ये त्याच रेषा खुलतात. आणि गाडी आल्यावर कलर कोडच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, तो दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असतो, माझ्यासारख्याचा अर्धा वेळ वाचतो.

माझी स्वतःची गाडी कुठल्या रंगाची, हे शेवटी सगळेच विचारतात. केशरी, सॉलिड. वर लिहिलेलं सगळं गणित मांडून मी सॉलिड पांढरा ठरवला होता, पैसे भरायचे बाकी होते. आमची आधीची गाडीही पांढरीच होती. आईला तेव्हा मोतीबिंदू होता, शिवाय दुसऱ्या त्रासाने नजर कमी झालेली, ऑपरेशननंतरही ती पूर्ण परत येणार नव्हती. एकदा मोठ्या पार्किंगमध्ये आम्ही तिला म्हटलं तू गाडीकडे हो, आम्ही आलोच, आणि येऊन बघतो तर ती भलत्याच पांढऱ्या गाडीच्या दाराला हात लावून उभी. दार उघडत नव्हतं, तिला वाटलं आम्ही लॉक केलंय, म्हणून ती शांतपणे वाट बघत थांबली होती. ती काहीच बोलली नाही, मीही नाही. पण रंगपत्रिका पुन्हा उघडली तेव्हा मी ती आईला उन्हात नेऊन दाखवली. निळा तिला काळपट वाटत होता, मोतीबिंदूत भिंग पिवळं पडतं आणि निळा आधी मंदावतो. सिल्व्हर आणि पांढरा तिला एकच वाटत होते. केशरीवर तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, हा आहे.

केशरी खालचा थर नीट झाकत नाही, जास्त हात मारावे लागतात, मला माहीत होतं. सहा वर्षांत मागचा कोपरा एकदा आणि डावं दार एकदा मीच रंगवलंय, दोन्ही वेळा मनासारखं झालं. परवा आम्ही सामान घेऊन मागे राहिलो होतो, पार्किंग गच्च भरलेलं, आणि आई कुणाला न विचारता रांगांमधून चालत गेली, आम्ही पोचलो तेव्हा आपल्याच गाडीच्या दाराशी उभी होती.