राजीनाम्यानंतर उरलेली नोकरी

राजीनामा दोन ओळींत लिहून होतो, पण इतक्या वर्षांची नोकरी मनातून सुटायला नोटिशीची मुदत पुरत नाही. कामाचा ताबा देण्यासाठी टिपणे लिहायला बसलो, तेव्हा फायलींची यादी चटकन झाली. मात्र कोणत्या विभागाला पत्र पाठवण्याआधी फोन करावा लागतो, कोणाचा अहवाल नेहमीच उशिरा येतो आणि तरीही तो का चालवून घ्यायचा, हे कोणत्या रकान्यात लिहावे ते कळेना. माझा जीव खुर्चीत नव्हे, तर या कुठेच न नोंदलेल्या माहितीत अडकला होता. माझ्या जागी आलेल्या सहकाऱ्याने माझ्या तक्त्यातले दोन रकाने काढून टाकले. त्याचे बरोबर होते, तरी मला ते झोंबले.

होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातील ताणदायक घटनांची जी मोजपट्टी प्रसिद्ध केली, तिच्यात नोकरीवरून काढले जाण्याला ४७, तर निवृत्तीला ४५ गुण आहेत. फरक अवघा दोन गुणांचा! स्वतःहून बाहेर पडलेल्यालाही हळहळण्याचा हक्क आहे, असे मी त्यावरून (कदाचित सोयीस्करपणे) ठरवले.

सुरुवातीला अडलेल्या कामासाठी जुने सहकारी फोन करीत आणि मी उत्साहाने सविस्तर उत्तरे देत असे. पुढे मीच त्यांना नव्या माणसाकडे पाठवू लागलो. फोन कमी झाले, त्याचे काही दिवस वाईटही वाटले; आता फोन आलाच, तर कामाचा विषय सहसा निघत नाही.