चेस्ट नंबर 47 : गाण्याआधीचे पावणेसहा तास

गायनस्पर्धेचं रिपोर्टिंग सकाळी साडेआठचं होतं आणि माझा नंबर लागला दुपारी सव्वादोनला. त्या पावणेसहा तासांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय. दहावीच्या वर्षात गाणं सोडायच्या बेतात असलेल्या मुलामुलींनी वाचावं, त्यांच्या आईबाबांनी तर नक्कीच.

मी सातवीपर्यंत काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या उंच पट्टीत, बिनधास्त गायचो. आठवीत आवाज फुटला. सोसायटीच्या गणपतीत अंतऱ्यातला तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लावताना आवाज चिरकला, पुढे बसलेली मुलं हसली, आणि मी अर्ध्यातच माईक ठेवून खाली उतरलो. त्या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब होतात, मुलांचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. यात गाणाऱ्याची काहीच चूक नसते. हे एवढंच कोणी तेव्हा सांगितलं असतं तर माझं दीड वर्ष वाचलं असतं. ठाण्यातल्या नौपाड्याच्या आमच्या गाण्याच्या ताईंनी मला खालच्या पट्टीत, काळी एकवर आणलं आणि सहा महिने तार सप्तकाला हात लावू दिला नाही. आवाज हळूहळू बसला, पण स्टेजचं नाव काढलं की पोटात गोळा यायचा.

वेळेचं म्हणाल तर सकाळची शाळा आणि संध्याकाळी चार ते आठ क्लास. एक सलग तास मिळेल तेव्हा बसू, असं म्हणत दोन महिने गेले. शेवटी ताईंनी दम दिला: रोज वीस मिनिटं, पण रोज. आईने शेजारच्या काकूंना विचारून घेतलं आणि पहाटे सव्वापाचला स्वयंपाकघरात खर्ज (खालचे सूर) आणि पलटे (स्वरांचे सराव) सुरू झाले. वर्तकनगर ते स्टेशन टीएमटीच्या बसमध्ये मी बोटांवर सोळा मात्रांचा तीनताल मोजत मनातल्या मनात बंदिश (रागात बांधलेलं गीत) म्हणायचो. तोही रियाजच. गांधर्व महाविद्यालयाची परीक्षा एप्रिल-मे किंवा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असते. दहावीत असाल तर नोव्हेंबरचं सत्र धरा, म्हणजे सराव परीक्षांच्या आधी मोकळे होता.

आता ती स्पर्धा. आंतरशालेय, शास्त्रीय गायन, प्रत्येकी सात मिनिटं. संस्थेचं नाव लिहीत नाही. स्टेशनजवळचा हॉल, साठेक मुलं, आणि कितवा नंबर किती वाजता हे सांगणारा एक साधा कागदही भिंतीवर नाही. दर थोड्या वेळाने एक दादा यायचे, "पुढचे पाच तयार राहा," म्हणायचे आणि निघून जायचे. ते पुढचे पाच कोण, हे विचारलं की "बसा, दहा मिनिटांत सांगतो." अशी दहा मिनिटं मी अकरा वेळा मोजली. बाथरूमला जायचीसुद्धा भीती वाटत होती, नेमका तेव्हाच नंबर पुकारला तर? माझ्या शेजारची सहावीतली मुलगी परकर-पोलक्यात सकाळपासून तशीच बसलेली. अकरा वाजता तिची आई तिला म्हणाली, "आता खाऊ नकोस, लगेच नंबर येईल." ती गायली दीड वाजता, उपाशीपोटी, आणि तालाच्या दुसऱ्याच आवर्तनाला, म्हणजे फेरीला, रडून खाली आली. तिला भित्री म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. पाच तास ताटकळवलं तर मोठी माणसंसुद्धा कोलमडतील.

माझंही तेच होत होतं. साडेनऊला मी तयार होतो, घसा तापलेला होता, हात उबदार होते. साडेबाराला तोंड कोरडं पडलं, तळवे गार, आणि छातीवर सेफ्टी पिनेने लावलेला 47 नंबरचा कागद श्वासाबरोबर वरखाली होताना मला दिसत होता. श्वास छातीतच अडकला होता, पोटापर्यंत जातच नव्हता. अशा श्वासावर सूर लागत नाही आणि लयही हमखास चढते.

तबल्यावर साथ करणारे काका मला उठवून खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले. "चार मात्रांत श्वास घे, आठ मात्रांत सोड. मी ठेका म्हणतो." स्कूटरच्या सीटवर बोटांनी वाजवत ते हळू लयीत धा धिं धिं धा म्हणत राहिले. सोडायचा श्वास लांबवला की छातीतली धडधड उतरते, हे त्या दिवशी मला स्वतःच्या अंगावर कळलं. सातआठ आवर्तनांनंतर हातांत ऊब आली. मग त्यांनी डब्यातली अर्धी पोळी खायला लावली आणि कोमट पाणी दिलं. वर आमच्या नंबरावर लक्ष ठेवायला आई थांबली होती. एकटे जाऊ नका, कोणीतरी वर बसायला हवंच.

एवढं करून सव्वादोनला स्टेजवर बसलो, तर माईकवरून सूचना आली: "उशीर झालाय, चार मिनिटांत आटपा." चूक त्यांची आणि मिनिटं आमची कापली! पण ताईंनी भूप रागाची ती बंदिश माझ्याकडून सात, पाच आणि तीन मिनिटांत बसवून घेतली होती. आलाप दोनच ठेवायचे, अंतरा सोडायचा नाही, ताना शेवटच्या दोन, हे आधीच ठरलेलं. त्यांचा दुसरा नियम असा की तानपुरा चार वेळा पूर्ण ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. घड्याळ चालू होतं तरी मी चारही वेळा ऐकला. मग सा लावला. नवव्या मात्रेवरून बंदिश उचलली, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आलो तेव्हा काकांनी मान हलवली, आणि त्यानंतर समोर कोण बसलंय हे मी पाहिलंच नाही. अंतऱ्यात तोच तार षड्ज आला, आठवीत चिरकला होता तो. या वेळी लागला आणि ठरला. खाली उतरताना गुडघे थरथरत होते, पण मी पूर्ण गाऊन उतरलो होतो. नंबर आला नाही. तरी घरी जाऊन आईला तीनदा सांगितलं की तार सा लागला.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: स्पर्धेआधीचे चार महिने मी दर एकादशीला घराजवळच्या विठ्ठल मंदिरात भजनाला बसत होतो. तिथे तुम्ही एक ओळ म्हणता आणि मागून पंधरा माणसं तीच ओळ उचलतात. चुकलात तर टाळ सांभाळून घेतात. लोकांसमोर तोंड उघडायची सवय मला तिथे लागली. तुमच्या भागात भजनी मंडळ असेल तर जाऊन मागे बसा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कोणीतरी आपणहून पुढे बोलावतं.

दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण हवे असतील तर प्रस्ताव शाळेमार्फतच बोर्डाकडे जातो. प्रमाणपत्राच्या प्रती आधीच काढून ठेवा आणि शाळेच्या ऑफिसात तारीख विचारत राहा.

आणि साथीदार नवे असतील तर पट्टी, राग, ताल आणि बंदिश कोणत्या मात्रेपासून उठते, हे चार शब्द कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. त्या सहावीतल्या मुलीकडे तो कागद नव्हता. पेटी तिच्या पट्टीपेक्षा दोन स्वर वर लागली होती, आणि ते तिच्या आईला खालून कळत होतं, पण सांगता येत नव्हतं.