साडेसहा हजारांतले दोन फोन

प्रत्येकी ६,४९९ रुपयांना बाजारात आलेल्या जिओफोन नेक्स्ट (२०२१) आणि रेडमी ए१ (२०२२) या दोन फोनांपैकी एक घरातल्या वडीलधाऱ्या माणसासाठी निवडायचा झाल्यास मी रेडमी ए१ निवडेन. दोन्हींत २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण आहे. एवढ्या रॅमवर एका वेळी एकच ॲप नीट चालते. व्हॉट्सॲपवरून पैसे पाठवण्याच्या ॲपकडे जाताना थांबावे लागते, ही मर्यादा दोघांनाही सारखीच आहे.

खरा फरक पडदा आणि बॅटरीत आहे. जिओफोन नेक्स्टचा पडदा ५.४५ इंचांचा आणि बॅटरी ३,५०० एमएएचची, तर रेडमीचा पडदा ६.५२ इंचांचा आणि बॅटरी ५,००० एमएएचची आहे. ज्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तिथे हा फरक कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी मोलाचा ठरतो. शिवाय जिओफोन नेक्स्टवर इंटरनेट वापरायला जिओचेच सिम लागते, आणि गावात दुसऱ्याच कंपनीचा टॉवर असेल तर हे बंधन जाचते.

तरीही जिओफोन नेक्स्टची एक सोय मला मनापासून आवडते: पडद्यावरचा मजकूर तो वाचून दाखवतो आणि त्याचे भाषांतरही करतो. ज्यांना वाचायला कष्ट पडतात, त्यांच्यासाठी मी लहान पडदा आणि कमी बॅटरी स्वीकारूनही तोच घेईन, मात्र त्या जागी जिओचे नेटवर्क येते हे आधी पाहून.