दोन भाऊ, आई आणि पिवळे-काळे पट्टे

आज दुपारी धाकट्या भावासोबत स्ट्रायपर या बँडची 1980च्या दशकातली गाणी पुन्हा ऐकली आणि त्यांच्या सुरुवातीचा किस्सा त्याला सांगताना आम्ही दोघेही मनापासून हसलो. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीतला हा ख्रिस्ती हेवी मेटल बँड मुळात घरचाच होता. गायक मायकेल स्वीट आणि ड्रमवादक रॉबर्ट स्वीट हे सख्खे भाऊ, आणि सुरुवातीच्या काळात व्यवस्थापनाची जबाबदारी त्यांची आई जॅनिस यांनी उचलली. आधी बँडचे नाव रॉक्स रेजीम होते. रॉबर्टला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे विलक्षण वेड असल्यामुळे कपड्यांपासून वाद्यांपर्यंत सगळे पट्टेरी झाले, आणि वाजवताना आपण प्रेक्षकांना नीट दिसावे म्हणून तो ड्रमही आडवे मांडून बसू लागला! स्ट्रायपर या नावातील इंग्रजी अक्षरांचा तारण आणि शांतीशी जोडलेला अर्थ तर त्याने नंतर जुळवला. बोधचिन्हाखाली मात्र बायबलमधील यशया 53:5 या वचनाचा संदर्भ आला. त्या वचनातील ‘स्ट्राइप्स’ या इंग्रजी शब्दाचे पट्टे आणि फटक्यांचे वळ असे दोन्ही अर्थ होतात, हे कळल्यापासून मला ते पट्टे निव्वळ हौसेचे वाटत नाहीत.

एनिग्मा या स्वतंत्र कंपनीने 1984मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. मैफलीत ते श्रोत्यांमध्ये बायबलच्या नव्या कराराच्या प्रती भिरकावत असत. त्यावर टीका झाली, पण मला त्यात निर्मळ उत्साहच दिसतो. संध्याकाळी भावाने गिटारच्या तारा बदलल्या आणि आईने आम्हा दोघांना पहिले गाणे कोणते बसवणार असे विचारले.