भिंतीवरची अक्षरे आणि इतिहासाची कचराकुंडी

‘रायटिंग ऑन द वॉल’ हा इंग्रजी वाक्प्रयोग आपण कोणत्याही अशुभ चिन्हासाठी सर्रास वापरतो; पण बायबलमधील मूळ कथेत बॅबिलोनच्या बेलशस्सर राजाच्या मेजवानीत भिंतीवर उमटलेल्या अक्षरांचा अर्थ दानीएल संदेष्ट्याने सांगितला आणि त्याच रात्री राजा मारला गेला. तो इशारा नव्हता, निकालच होता. म्हणून विक्रीतल्या किरकोळ घसरणीला हे शब्द लावणे मला अतिरंजित वाटते. ग्रीक कथेतील दरबारी डॅमोक्लिसच्या डोक्यावरची तलवार घोड्याच्या एका केसाला टांगलेली होती, तरी ती पडली नाही. टांगत्या भीतीला तीच शोभते. विस्मृतीसाठीचा ‘इतिहासाची कचराकुंडी’ हा प्रयोग १९१७ मध्ये रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीने सभात्याग करणाऱ्या मेन्शेविक या विरोधी समाजवादी गटावर फेकला. पुढे स्टालिनच्या काळात अधिकृत सोव्हिएत इतिहासातून ट्रॉट्स्कीचेच कार्य पुसले गेले.