आयर्विनला पाणी किती ते ठाऊक, पण गार किती?

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये दोन ओळखीची माणसं भेटली की 'काय, कसं काय' नंतर होतं, आधी "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या चौथीतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत ५४ च्या पुढे. तेव्हापासून कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात किती साठा आहे, हे मंडईतली भाजीवालीही सांगते आणि बरोबर सांगते. पण त्याच पाण्याचं तापमान किती, हे कुणी विचारत नाही. मी तो विषय काढला की घाटावर ठरलेलं उत्तर येतं, "काय बाई, पोहायचं का मोजायचं?"

मी दोन्ही करते. सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात झाली, त्यामुळे हातातला थर्मामीटर काही सुटत नाही. पिशवीत टॉवेल, कंगवा, गुळाचा खडा आणि लाल रेषेचा तो प्रयोगशाळेतला थर्मामीटर. जोडीला सुतळी बांधलेला स्टीलचा उभा डबा, तळाशी दोन जाड नट टाकलेला, म्हणजे तो तरंगत बसत नाही.

डब्याचं कारण सांगते. थर्मामीटर नुसता पाण्यात बुडवून वर काढला आणि डोळ्यासमोर धरला, तर वाचेपर्यंत रेष घसरलेली असते. ओल्या फुग्यावरचं पाणी वाऱ्यावर उडायला लागतं आणि उडताना फुग्याची उष्णता घेऊन जातं. एप्रिलमधल्या कोरड्या वाऱ्यात तर ही घसरण डोळ्यांदेखत चालते. २८ वरची रेष बघता बघता २५ कडे निघते. म्हणून नावेच्या टोकावरून डबा खाली सोडायचा, दोन-तीन मिनिटं राहू द्यायचा, भरलेला वर ओढायचा आणि थर्मामीटर त्या डब्यातल्या पाण्यातच ठेवून वाचायचा. पायरीजवळ मोजण्यात अर्थ नाही. तिथलं वीतभर पाणी दगडाच्या आणि उन्हाच्या तालावर चालतं, नदीच्या नाही.

तेच अंगाचंही होतं. भर एप्रिलात, ३८ अंशांच्या दिवशी संध्याकाळी पोहून बाहेर आल्यावर दात वाजतात, आणि श्रावणात ढगाळ, उदास हवेत डोकं भिजलं तरी काटा येत नाही. बाहेरगावचे पाहुणे याला 'सांगलीचं पाणी बाधलं' म्हणतात. हवा कोरडी असली की अंगावरचं पाणी भराभर उडतं, दमट असली की ते जागचं हलत नाही. पाण्याचा यात काही दोष नाही.

घाटावर रोज पोहणाऱ्या आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे अण्णा. पाठीला डबा बांधून पोहायला शिकले त्या पिढीतले. आताच्या पोरांना ट्यूब लागते, यावर त्यांचं रोज एक वाक्य असतं. थर्मामीटरवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पण डिसेंबरातल्या एका सकाळी नवीन आलेला एक पोरगा काठावर कुडकुडत "पाणी लई गार असंल" म्हणाला, तेव्हा अण्णा म्हणाले, "पानी न्हाई रं, वारं गार हाय. आत ये, आत ऊब हाय." मी डबा सोडला. हवा १२ अंश, पाणी २१. अण्णांना आकडा सांगितला तर म्हणाले, "मग मी काय म्हटलं?"

हिवाळ्यात सांगलीत पहाटे हवा अकरा-बारापर्यंत उतरते, पण नदी तिच्या मागे धावत नाही. एक घनमीटर हवा एका अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साधारण साडेतीन हजार पट तेवढ्याच पाण्याला लागते. म्हणून एका रात्रीच्या थंडीचा नदीवर फारसा परिणाम होत नाही. आठवडाभर थंडी टिकली तर दीड-दोन अंश हलतात. त्या फरकातूनच सकाळची वाफ निघते. पाण्यालगतची हवा उबदार आणि ओली, तिच्या वरची कोरडी थंड; दोन्ही मिसळल्या की वाफेचे धागे उठतात आणि पुलाच्या कमानींखालून सरकत जातात. मोबाइलवाले तेव्हा घाटावर गर्दी करतात. पलीकडे सांगलीवाडीच्या उसावर बसलेलं धुकं मात्र वेगळं. ते रात्री निवलेल्या जमिनीतून तयार झालेलं असतं. त्या धुक्याची धास्ती मिरज-तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला. घडांवर दव बसून राहिलं की दावण्या या बुरशीच्या रोगाची भीती, मग पहाटेच फवारणीचे ट्रॅक्टर बाहेर पडतात. आपण फोटो काढत असतो, तो औषधाचा हिशेब करत असतो.

नवख्यांसाठी मात्र एक सांगायला हवं. २१ अंश पाणी उबदार वाटतं ते फक्त पहिली काही मिनिटं, ते पण बाहेरच्या बारा अंशांमुळे. पाणी हवेच्या पंचवीसपट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. वीसेक मिनिटांनी बोटं एकमेकांना चिकटत नाहीत, हाताचा पंजा पसरतो, ओढ लागत नाही. ही खूण दिसली की काठाकडे वळायचं. "अजून एक फेरी" म्हणणारे सगळे पुरुष असतात, हे माझं निरीक्षण आहे, शास्त्र नव्हे.

खरी गंमत पुढे आहे. आपल्यासमोर वाहतं ते पाणी सांगलीच्या हवेचं नाहीच. सांगलीत वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. महाबळेश्वरला, जिथे कृष्णा आणि कोयना दोघी उगम पावतात, तिथे साडेपाच हजारांच्या पुढे. म्हणून इथे लख्ख ऊन पडलेलं असतं, बायका गच्चीवर वाळवणं घालत असतात, आणि खाली नदी तासाला फूटभर चढत असते. वरून पाणी सुटल्यापासून इथे पोचायला एक-दीड दिवस जातो. तो पाऊस कुणीतरी दुसऱ्यानं भिजून घेतलेला असतो.

उन्हाळ्यात तर आणखी उलटं. कोयना धरण १०३ मीटर उंच. मे महिन्यात एवढ्या खोल साठ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि वरच तरंगत राहतं. गार, जड पाणी तळाला. दोन थर आपसात मिसळत नाहीत. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून पाणी सोडतात ते खालचं. पेपरात 'पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक' अशी ओळ येते ना, ते हे. दोन जनित्रं चालली की एवढं सुटतं. मे महिन्यात कोयनानगरच्या खाली नदीत पाय घातला तर झिणझिण्या येतात. जानेवारीत साठलेली थंडी मे महिन्यात बाहेर पडत असते. कराडला प्रीतिसंगमावर दोन्ही नद्या समोरासमोर येऊन भिडतात. तिथे उन्हाळ्यात उथळ कृष्णेतून कोयनेच्या बाजूला चालत गेलं तर घोट्याला फरक कळतो. माझ्या नवऱ्याला कळला नाही. तो म्हणाला, वाळू वेगळी आहे. वाळूही वेगळी असेल.

सांगलीला येईपर्यंत मात्र ती थंडी जवळजवळ संपते. कराडपासून इथवर उथळ, रुंद पात्र, वर आग ओकणारं ऊन. मधे उपसा योजना पाणी उचलतात, जे उरतं ते बंधाऱ्याला अडतं. पावसाळा सरल्यावर बंधाऱ्याला बरगे घातले की नदीचा तलाव होतो. मग धरणाच्या पोटात होतं तेच इथे लहान प्रमाणावर. मे महिन्यात दुपारी चार वाजता छातीपर्यंतचं पाणी ३० अंशांवर, आणि पाय सोडून उभं पोहलं की पोटऱ्यांना एकदम गारवा. पोरं म्हणतात, "खाली फ्रीज हाय." वरून आवर्तन सुटलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा फ्रीज नाहीसा होतो, सगळं पाणी ढवळून एकसारखं होतं आणि शेवाळाचा तो हिरवट वासही जातो. थर्मामीटरवर फरक जेमतेम अंश-दीड अंशाचा, पण नाकाला आणि पोटऱ्यांना कळतो.

याच साचलेल्या, तापलेल्या पाण्याची माशांना भीती. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा कमी. त्यात शेरीनाल्याचं सांडपाणी. ते कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं पण रात्रभर घेतं, त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. आम्ही पाच-साडेपाचला जातो तेव्हा काही दिवशी मासे पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडं काढून 'पुच पुच' करताना दिसतात. तसं दिसलं की अण्णा उतरत नाहीत, आणि ते उतरले नाहीत की कुणीच उतरत नाही. वळवाचा पहिला पाऊस याला उतारा ठरेल असं वाटतं, पण बऱ्याचदा तोच घात करतो. वळीव इकडे पूर्वेकडून येतो, दुपारी चारनंतर, धूळ उडवत. अर्ध्या तासात हवा ३९ वरून २५ वर. नदीचं तापमान मात्र अंशभर हललं तर हललं, आणि गटारांतली, नाल्यांतली महिन्यांची घाण एका दमात पात्रात. दुसऱ्या दिवशी काठाला पांढरी पोटं.

आणि मगरी. कृष्णेतल्या मगरींवर लिहिलं की लोकांना शिकारकथा हव्या असतात. माझ्याकडे तशी नाही. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ ते थेट सांगलीपर्यंत त्या आहेत, हल्ले झालेत, माणसं गेलीत, वन खात्याचे फलक लागलेत. थंडीत दिसतात जास्त, कारण त्यांचं रक्त बाहेरच्या उष्णतेवर चालतं: सकाळी नऊ-दहाला उन्हं वर आली की काठाच्या मातीवर येऊन पडायचं. मे महिन्यात दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं कुणी समजू नये. तेव्हा त्या पाण्यात असतात. आणि फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा अंडी घालायचा काळ, तेव्हा मादी काठ राखते.

त्या अंड्यांची गोष्ट मी वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे सरकायची. मगरीच्या पिल्लाचं नर-मादी होणं अंड्यात आधीपासून ठरलेलं नसतं. काठाच्या मातीत खड्डा करून घातलेली अंडी ज्या उष्णतेत उबतात, तिच्यावर ते ठरतं. ३१ अंशांपर्यंत सगळ्या माद्या. साडेबत्तीसच्या आसपास नर. अंश-दीड अंशाचा खेळ. उन्हाळा कसा गेला, खड्ड्यावर सावली होती का, काठावरचं झुडूप कुणी जाळलं का, वाळू कुणी उपसली का, यावर पुढच्या पिढीतले नर-माद्या. पिल्लं दोनेक महिन्यांनी, पुराच्या आधी बाहेर येतात. आयर्विनची फूटपट्टी सगळे बघतात; त्या खड्ड्यातला अंश बघणारं कुणी नाही.

सरकारी मोजमाप अगदीच नाही असं नाही. केंद्रीय जल आयोगाचं खाली कुरुंदवाडला केंद्र आहे, आणि पाण्याच्या तपासणीत तापमान हा साधा रकाना असतोच. पण तो पेपरात येत नाही. मला तो रोजच्या पातळीशेजारी छापून यायला हवा आहे. 'आयर्विन १२ फूट, २९ अंश' एवढंच. मच्छीमाराला उपयोग, पोहणाऱ्याला उपयोग, आणि कधी नाल्यातून काही भलतंच सुटलं तर दोन अंशांची उडी सगळ्या गावाला दिसेल.

तोवर माझी वही आहे. सध्या मे संपत आलाय. पहाटे पाणी २८, संध्याकाळी ३०. जूनमध्ये वरच्या पावसाचं लाल, मातकट पाणी आलं की दोन-चार दिवसांत चार-पाच अंश खाली येईल आणि आमचं पोहणं बंद होईल ते दसऱ्यापर्यंत. अण्णांचा तर नियमच आहे, पाण्यात स्वतःचं पाऊल दिसत नसेल तर उतरायचं नाही.

कुणाला सुरुवात करायची असेल तर नोव्हेंबरात करा. तेव्हा पाणी निवळलेलं असतं, २३-२४ अंश, आणि रोज थोडं थोडं गार होत जातं, त्यामुळे अंगाला सवय लागते. जानेवारीत एकदम उडी मारायला येऊ नका. एकट्यानं तर कधीच येऊ नका, आणि घाटावर जे रोज येतात त्यांना विचारल्याशिवाय पलीकडच्या काठाकडे पोहू नका. कोरडा टॉवेल जास्तीचा आणा. साबण घरी ठेवा.